उतार, रफ, चिखल आणि बंकर: लाय बदलला की स्विंगमध्ये काय बदलायचं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गोल्फच्या रेंजवर (सरावाच्या जागी) मॅटवरून सात नंबर आयर्न हा क्लब सुरेख लागतो आणि कोर्सवर (खेळाच्या मैदानावर) तेच आयर्न कधी जमिनीत घुसतं, कधी बॉलच्या डोक्यावर बसतं. ही तक्रार पुण्या-मुंबईकडचे बरेच खेळाडू करतात आणि त्यात नवल काही नाही. बावधनचा ऑक्सफर्ड कोर्स टेकड्यांवर वसलेला आहे, खारघरचा कोर्स डोंगरांच्या कुशीत आहे. टी (पहिला फटका मारायची सपाट जागा) सोडली की पायाखाली सपाट जमीन मिळेलच असं नाही. त्यात जून ते सप्टेंबर ओल आणि एप्रिल-मे महिन्यांत टणक, उघडी पडलेली जमीन. इथे खेळायचं तर लाय, म्हणजे बॉल कशावर आणि कसा बसलाय ते, वाचता आलाच पाहिजे.

खालची सगळी उत्तरं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहेत. डावखुऱ्यांनी उजवं-डावं उलटं करून वाचावं.

बॉलजवळ पोचल्यावर सगळ्यात आधी काय बघायचं?

लाय. अंतर नंतर. बहुतेक जण चालत असतानाच रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) डोळ्याला लावतात, १५० यार्ड दिसले की सात नंबर बाहेर काढतात आणि मग खाली वाकून बॉल कुठे बसलाय ते पाहतात. तोवर मनाने शॉट ठरवलेला असतो आणि लाय वेगळं सांगत असला तरी ते ऐकलं जात नाही. हा क्रम उलटा करा.

लाय बघताना तीन गोष्टी तपासा: जमीन कोणत्या बाजूला कललेली आहे, बॉलच्या खाली आणि लगेच मागे काय आहे (गवत, माती, मुरूम, वाळू, पाणी), आणि बॉलचा किती भाग दिसतोय. उतार जोखायचा असेल तर बॉलपासून आठ-दहा पावलं मागे उभे राहून बघा. अगदी जवळून पाच अंशांचा उतारही सपाट वाटतो. स्टान्स घेऊन (फटक्यासाठी पाय रोवून) पाहिलात तर डोळ्यांपेक्षा तळपायांना तो आधी कळतो.

म्हणजे प्रत्येक लायसाठी वेगळा स्विंग शिकायचा का?

नाही, आणि तसा प्रयत्नही करू नका. स्विंग एकच ठेवा. बदलायचं ते उभं राहणं, बॉलची जागा, पकड, निशाण आणि क्लब. हे सगळं स्विंग सुरू होण्याआधी करायचं असतं, घाई नसते, आणि म्हणूनच ते जमण्यासारखं आहे.

मुळाशी एकच गोष्ट आहे. क्लबहेड गोलाकार मार्गाने येतं आणि त्या मार्गाला एक सर्वांत खालचा बिंदू असतो. सपाट जमिनीवर आयर्न मारताना तो बिंदू बॉलच्या किंचित पुढे हवा. म्हणजे आधी बॉल, मग माती. जमीन कलली की क्लब चढाच्या बाजूच्या जमिनीला लवकर भिडतो. म्हणून एक नियम पाठ करून टाका: बॉल वरच्या पायाकडे. डावा पाय वर असेल तर बॉल थोडा पुढे, उजवा पाय वर असेल तर थोडा मागे.

किती पुढे, किती मागे, हे प्रॅक्टिस स्विंग सांगेल. बॉलच्या शेजारी तसाच उतार असलेली जागा बघा, दोन सावकाश स्विंग करा आणि क्लब गवताला कुठे घासतोय ते पाहा. तिथे बॉल यायला हवा. हे सपाट जागेवर जाऊन केलं तर काही उपयोग नाही.

चढावर, म्हणजे डावा पाय वर असताना, बॉल उंच जातो पण नेहमी कमी पडतो. का?

उताराचे अंश सरळ लॉफ्टमध्ये, म्हणजे क्लबच्या फेसच्या (बॉलला लागणाऱ्या बाजूच्या) मागच्या झुकावात, मिळवले जातात म्हणून. सात नंबर आयर्नचा लॉफ्ट ३२ अंश धरा. पाच अंशांच्या चढावर, खांदे चढाला समांतर ठेवून मारलं, तर तोच क्लब ३७ अंशांसारखा वागतो, म्हणजे जवळजवळ आठ नंबर. आयर्नमध्ये एका नंबरचा फरक साधारण चार अंशांचा असतो. तेव्हा मध्यम चढावर एक क्लब जास्त (म्हणजे नंबर एकने कमी, सातऐवजी सहा) आणि चढ बराच असेल तर दोन क्लब जास्त घ्यावेत.

उभं राहताना खांदे जमिनीच्या उताराला समांतर करा. त्याने वजन आपोआप उजव्या पायावर जास्त येतं, ते येऊ द्या. फक्त उजवा गुडघा बाहेरच्या बाजूला ढळू देऊ नका, नाहीतर स्विंग करताना मागे झोक जातो. बॉल नेहमीपेक्षा थोडा पुढे. स्विंग पाऊणच.

चढावर वजन पुढे नेणं अवघड असतं. कंबर अडकते, हात वळतात आणि बॉल डावीकडे ओढला जातो. म्हणून निशाण थोडं उजवीकडे ठेवा.

एक अपवाद आहे. चढ इतका उभा असेल की खांदे समांतर केले तर तुम्ही मागे पडाल, तर शरीर टेकडीकडे झुकवा, वजन डाव्या पायावर घ्या आणि क्लब जमिनीत रुतला तरी चालेल अशा तयारीने आखूड फटका मारा. फॉलो-थ्रू (फटक्यानंतरचा पुढचा झोका) होणारच नाही. बॉल फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्यावर) परत आला की काम झालं.

उतारावर, म्हणजे उजवा पाय वर असताना, मी सतत बॉलच्या मागे जमिनीत मारतो. उपाय काय?

चारही उतारांमध्ये हा सगळ्यात कठीण आहे, आणि त्यात बॉल वर उचलण्याची इच्छा सगळ्यात जास्त नडते. बॉलच्या मागची जमीन उंच असते. सपाट जागेवरच्यासारखे उभे राहिलात तर क्लबहेड बॉलपर्यंत पोचण्याआधी त्या उंच जमिनीवर आदळणारच. आदळला नाही तर तिच्यावरून उसळून बॉलच्या मधोमध बसेल.

खांदे उताराला समांतर करा, म्हणजे डावा खांदा उजव्यापेक्षा खाली. सुरुवातीला हे फार विचित्र वाटतं, पण आरसा किंवा मोबाइलचा व्हिडिओ वापरून एकदा बघा. आपल्याला खूप झुकल्यासारखं वाटतं तेव्हा प्रत्यक्षात खांदे कसेबसे समांतर झालेले असतात. वजन डाव्या पायावर घ्या आणि तिथेच ठेवा. उजवा पाय जरा मागे घेतला तर हातांना जागा मिळते. बॉल मधल्या जागेच्या थोडा मागे. बॅकस्विंगमध्ये मनगटं लवकर मोडा म्हणजे क्लब मागच्या उंच जमिनीला अडणार नाही.

मारताना क्लबहेड उताराच्या दिशेनेच खाली जाऊ द्या. बॉलच्या पुढेही उताराला चिकटून जाऊ द्या. फटका झाल्यावर तोल जाऊन डाव्या पायावरून एक पाऊल पुढे पडलं तरी हरकत नाही. वजन मागे राहण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

आता क्लब. इथे हिशोब उलटा होतो: ३२ अंशांचा सात नंबर पाच अंशांच्या उतारावर २७ अंशांसारखा वागतो. बॉल कमी उंचीवरून जाईल आणि पडल्यावर पळेल. सात नंबरचं अंतर असेल तर आठ घ्या आणि टप्पा ग्रीनच्या (होलभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवताच्या) अलीकडे धरा. बॉल उजवीकडे झुकण्याचा कल असतो, तेव्हा निशाण किंचित डावीकडे.

पार-५ वर (पाच फटक्यांत पूर्ण करणं अपेक्षित असलेल्या होलवर) दुसऱ्या फटक्यासाठी उतारावरून तीन नंबर वुड (लांब फटक्याचा क्लब) काढण्याचा मोह होतो. १५ अंशांचा क्लब पाच अंशांच्या उतारावर १० अंशांचा होतो, म्हणजे बॉल टीच्या खुंटीवर न ठेवता ड्रायव्हर मारण्यासारखंच. हायब्रिड (वुड आणि आयर्न यांच्या मधला क्लब) घ्या किंवा सहा नंबर आयर्न. माझं तर स्पष्ट मत आहे की १५ च्या वर हँडिकॅप (कौशल्याचा आकडा, जितका मोठा तितका खेळाडू कच्चा) असलेल्याने उतारावर तीन नंबर वुड बॅगेतून काढूच नये.

बॉल पायांपेक्षा वर असेल तर?

बॉल जवळ आलेला असतो, म्हणून तुम्हाला जरा ताठ उभं राहायचंय आणि क्लब दीड-दोन इंच खाली पकडायचाय. वजन चवड्यांकडे ठेवा, कारण टेकडी तुम्हाला टाचांवर ढकलते. स्विंग आपोआप आडवा होतो, होऊ द्या. खाली पकडल्यामुळे थोडं अंतर जातं, म्हणून एक क्लब जास्त आणि फटका निवांत.

बॉल डावीकडे जाणार हे सगळ्यांना माहीत असतं. किती जाणार हे मात्र क्लबवर अवलंबून असतं आणि ते फारसं कोणी सांगत नाही. क्लब कलला की फेसचा लॉफ्टही बाजूला झुकतो, आणि जितका लॉफ्ट जास्त तितका तो जास्त डावीकडे बघतो. भूमितीने हिशोब करून पाहा. क्लब पाच अंशांनी कलला असेल, तर ५६ अंशांच्या वेजचा (जास्त लॉफ्टच्या आखूड क्लबचा) फेस साधारण ७ अंश डावीकडे बघतो, ३२ अंशांच्या सात नंबरचा ३ अंश आणि १५ अंशांच्या वुडचा सव्वा अंशच. १०० यार्डांवरून ७ अंश म्हणजे बारा यार्ड डावीकडे. पूर्ण ग्रीन चुकू शकतं, तेही उत्तम फटका मारून!

म्हणून लांब क्लबने निशाण थोडंच उजवीकडे न्यायचं आणि वेजने धाडसाने न्यायचं. छोट्या पिचमध्ये (ग्रीनजवळच्या आखूड, उंच फटक्यात) सगळ्यांचं इथेच चुकतं. अंतर कमी आहे म्हणून सरळ पिनवर (होलमधल्या झेंड्याच्या काठीवर) निशाण धरतात. जमत असेल तर वेजऐवजी नऊ नंबर घेऊन बॉल घरंगळत न्या, दिशा कमी बिघडते.

आणि बॉल पायांपेक्षा खाली असेल तर?

बॉल लांब गेलेला असतो. त्याच्यापर्यंत पोचायचं ते कमरेतून वाकून आणि गुडघे जास्त मोडून. पाठ वाकवून नाही. पाय नेहमीपेक्षा रुंद, बॉलच्या थोडं जवळ, पकड ग्रिपच्या अगदी टोकाला, वजन टाचांकडे.

इथे चूक एकच होते आणि ती स्विंगच्या मध्यावर होते: खेळाडू वर उठतो. दोन इंच उठलात की बॉलचा माथाच लागतो. फटका होऊन जाईपर्यंत गुडघ्यांचा कोन तसाच धरून ठेवायचा, एवढा एकच विचार मनात असू द्या. अर्धा-पाऊण स्विंग, हातांनीच. कमरेने जोर लावायला गेलात की उठणं आलंच.

बॉल उजवीकडे जाईल, म्हणून निशाण डावीकडे. वेजबद्दल वर सांगितलेला हिशोब इथे उलट बाजूने तसाच लागू आहे. गुडघे किंवा कंबर दुखत असेल तर या लायवरून पूर्ण फटका मारण्याचा हट्ट सोडा. आखूड क्लबने बॉल फेअरवेवर आणा.

दोन उतार एकदम असतील, उदाहरणार्थ उतारही आणि बॉल पायांपेक्षा खालीही?

टेकडीवरच्या कोर्सवर हेच जास्त वेळा होतं. फटका नीट बसण्यासाठी जे लागतं ते आधी करा: तोल, खांदे, बॉलची जागा. दिशेची भरपाई शेवटी, फक्त निशाण बदलून. उतार आणि बॉल खाली हे दोन्ही बॉलला उजवीकडे नेतात, त्यामुळे तिथे डावीकडे भरपूर जागा धरावी लागते. चढ आणि बॉल खाली असेल तर दोन्ही परिणाम थोडेफार एकमेकांना कापतात, तेव्हा जवळपास सरळ निशाण चालतं.

पिन उंचावर आहे म्हणजे लाय चढाचा, असंच ना?

नाही. पायाखालचा उतार आणि पिनची उंची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या स्वतंत्रपणे मोजायच्या. दरीपलीकडे उंच ग्रीन असताना तुम्ही उतारावर उभे असू शकता. पिन जितकी यार्ड उंच, ढोबळमानाने तितके यार्ड अंतरात मिळवा. खाली असेल तर वजा करा. उंचीचा फरक मोजणारा रेंजफाइंडर हेच गणित मांडतो. पायाखालचा लाय त्याला दिसत नाही. ती भरपाई तुम्हालाच करायची असते. स्पर्धेत उंचीचा फरक मोजणारी सोय नियमाने बंद ठेवावी लागते, मग तर दोन्ही हिशोब डोक्यातच.

टीव्हीवर व्यावसायिक खेळाडू उतारावरूनही पूर्ण ताकदीने मारताना दिसतात. आपण का नाही?

एक तर कॅमेऱ्यात उतार चपटा होतो. अमेरिकेतला ऑगस्टा नॅशनल कोर्स पडद्यावर हिरव्या गालिच्यासारखा दिसतो. प्रत्यक्ष जाऊन आलेले सगळे सांगतात की तिथले चढउतार बघून धक्काच बसतो. तिथल्या तेराव्या होलवर उजव्या हाताच्या खेळाडूचा ड्राइव्ह बहुतेकदा बॉल पायांच्या वर असेल अशाच जागी थांबतो आणि ग्रीनच्या पुढून ओढा वाहतो. पार-५ असल्याने दोन फटक्यांत पोचण्याची हाव सुटत नाही. जगातले उत्तम खेळाडूही तिथे थांबून विचार करतात आणि पुष्कळदा ओढ्याच्या अलीकडे बॉल ठेवतात. तो विचार करण्याचा भाग उचलण्यासारखा आहे.

रफमधून (फेअरवेबाहेरच्या वाढलेल्या गवतातून) कधी बॉल वीस यार्ड जास्त जातो, कधी निम्म्यावर पडतो. हे कसं ओळखायचं?

बॉल गवतात कसा बसलाय त्यावरून. अर्धा दिसतोय, गवत पिनच्या दिशेने झुकलंय आणि फार दाट नाही, तर फ्लायर (अंदाजापेक्षा लांब जाणारा फटका) येण्याची शक्यता असते. क्लब आणि बॉलच्या मध्ये गवताची पाती सापडतात, फेसच्या खाचांना बॉल पकडता येत नाही, स्पिन कमी होतो आणि बॉल लांब जाऊन ग्रीनवर थांबत नाही. ओलसर गवतात हे जास्त होतं. अशा वेळी एक क्लब कमी घ्या.

बॉल तळाशी गेलाय, वरून फक्त पांढरा ठिपका दिसतोय, तर अंतराचा विचार सोडा. आपल्याकडच्या कोर्सवर बहुधा बर्म्युडा असतं, म्हणजे आपली हरळी आणि तिचे संकर. शेतातली हरळी उपटून बघितलेल्या कोणालाही तिची चिवट पकड सांगावी लागत नाही. ती क्लबच्या मानेला गुंडाळते, क्लबची टाच अडते आणि फेस मिटतो (डावीकडे वळतो). म्हणून फेस आधीच थोडा उघडा (उजवीकडे वळवलेला) ठेवा, डाव्या हाताची शेवटची तीन बोटं घट्ट करा, बॉल थोडा मागे आणि क्लब उभा वर नेऊन उभाच खाली आणा. नऊ नंबर किंवा वेज. पावसाळ्यात रफ वाढलेलं असताना इथून लांब आयर्न मारणं म्हणजे एक फटका फुकट देणं.

गवत तुमच्या दिशेने, म्हणजे पिनच्या उलट वाढलेलं असेल, तर आणखी एक क्लब लॉफ्ट वाढवा. चिप (ग्रीनजवळचा छोटा फटका) करतानाही ही दिशा बघाच. उलट्या गवतात वेजची कड अडकते आणि बॉल जागचा हलत नाही.

फेअरवेच्या मधोमध मारला आणि बॉल कोणाच्या तरी डिव्हॉटमध्ये (फटक्याने उखडलेल्या खळग्यात) थांबला. फुकट सुटका (दंडाशिवाय बॉल हलवायची मुभा) मिळते का?

नाही. जीव जळतो, पण बॉल आहे तिथूनच खेळायचा. बॉल उजव्या पायाकडे सरकवा, हात बॉलच्या पुढे, वजन डावीकडे आणि वरून आखूड, ठाम फटका. बॉल कमी उंचीवरून जाईल आणि पळेल, म्हणून लॉफ्ट एक नंबर जास्त चालतो. बॉल डिव्हॉटच्या मागच्या कडेला टेकला असेल तर अवघड. पुढच्या कडेजवळ असेल तर जवळपास नेहमीसारखाच. आणि स्वतःचे डिव्हॉट भरा.

एप्रिल-मे महिन्यांत गवत विरळ होतं, खाली टणक माती किंवा मुरूम लागतो. तिथून वेज कसा मारायचा?

शक्य असेल तर मारूच नका. ग्रीनच्या बाहेर, पण मध्ये बंकर (वाळूचा खड्डा) नाही, तर पटर (ग्रीनवर बॉल घरंगळवायचा क्लब) घ्या. वाईट पट हा वाईट चिपपेक्षा जवळजवळ नेहमीच पिनच्या जवळ थांबतो.

बंकर ओलांडायचाच असेल तर बाउन्सचा विचार करा. सँड वेजचा तळ वाळूत घुसू नये म्हणून फुगीर असतो, बऱ्याचदा १० ते १४ अंश बाउन्स असतो. टणक जमिनीवर तोच तळ उसळतो आणि कड बॉलच्या पोटात बसते. फेस उघडला तर बाउन्स आणखी वाढतो. म्हणून कमी बाउन्सचा वेज किंवा पिचिंग वेज, फेस सरळ, बॉल मधल्या जागेच्या किंचित मागे, हात थोडे पुढे. मनगटं शांत ठेवा.

अशा उघड्या लायवरच्या हातसफाईसाठी भारतीय व्यावसायिक खेळाडू एस.एस.पी. चौरसिया यांचा खेळ बघावा. वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबवर ग्रीनकीपर, खेळ तिथेच बघून-बघून शिकलेला, आणि २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन जिंकलेली. लांब मारणाऱ्यांच्या जमान्यात त्यांनी ग्रीनभोवतीच्या खेळावर स्पर्धा जिंकल्या, आणि आपल्यासारख्या मध्यम ताकदीच्या खेळाडूंना शिकण्यासारखं तिथे जास्त आहे.

मुरमाचे सुटे खडे बॉलजवळून काढता येतात. पण काढताना बॉल हलला तर एक फटका दंड, आणि बॉल परत ठेवायचा. खडक किंवा पक्का दगड खाली असेल तर मनगटाची किंमत एका फटक्यापेक्षा मोठी आहे. बॉल अनप्लेएबल (खेळता न येण्याजोगा) घोषित करा.

पावसाळ्यात काय बदलायचं?

पहिलं म्हणजे ओल्या जमिनीत क्लब मागे लागला तर सुटका नाही. कडक जमिनीवर थोडा मागे लागलेला फटका घसरून तरी जातो. ओल्यात तो तिथेच रुततो. म्हणून बॉल अर्धा इंच मागे, क्लब जरा खाली पकडून, स्विंग पाऊण. एक क्लब जास्त घ्या, कारण बॉल पडल्यावर पळत नाही. वुडपेक्षा हायब्रिड बरं. पाय घसरत असतील तर जोर कमी करा, स्पाइक तपासा.

बॉलवर चिखल असेल तर साधारणपणे चिखल ज्या बाजूला, त्याच्या उलट दिशेला बॉल वळतो. उजवीकडे चिखल तर डावीकडे. किती वळेल याचा भरवसा नसतो, म्हणून ग्रीनच्या मध्यावर निशाण ठेवा.

नियमही इथे मदतीला येतात. स्टान्स घेण्याआधी किंवा घेतल्यावर पाणी साचलेलं दिसत असेल आणि ते बॉलला, स्टान्सला किंवा स्विंगला आड येत असेल, तर जवळच्या कोरड्या जागी, एका क्लबच्या लांबीत, होलच्या जवळ न जाता फुकट ड्रॉप (बॉल हातातून खाली टाकायची मुभा) मिळतो. स्वतःच्याच टप्प्याने बॉल जमिनीत रुतला असेल तरीही फुकट सुटका आहे, फेअरवेवर आणि रफमध्येही, बंकरमध्ये नाही. ड्रॉप २०१९ पासून गुडघ्याच्या उंचीवरून करायचा असतो. हे माहीत नसल्यामुळे किती जण चिखलातून मुकाट्याने मारत राहतात!

बंकरमध्ये लाय कसा वाचायचा?

बॉल वाळूवर नीट बसलेला असेल तर नेहमीची रीत: फेस उघडा, पाय वाळूत रोवलेले, बॉल थोडा पुढे, आणि बॉलच्या दोनेक इंच मागे वाळूत मारून थेट पूर्ण फॉलो-थ्रू. क्लब बॉलला लागतच नाही, वाळू बॉलला बाहेर ढकलते. अमेरिकन खेळाडू जीन साराझन यांनी १९३२ साली इंग्लंडमधल्या प्रिन्सेस कोर्सवर ओपन स्पर्धा जिंकली ती याच कामासाठी बनवलेल्या जाड तळाच्या वेजनिशी, आणि तेव्हापासून बंकरची भीती बरीच कमी झाली.

बॉल गाडला गेला असेल, म्हणजे फ्राइड एग, तर वरची बरीचशी रीत उलटी होते. आता क्लब घुसायला हवा, तळ उसळायला नको. फेस सरळ किंवा थोडा मिटलेला, बॉल मध्ये, वजन डावीकडे, आणि उभा फटका. फॉलो-थ्रूची काळजी नको. बॉल स्पिनशिवाय बाहेर येतो आणि खूप पळतो, त्याची तयारी ठेवा.

पावसात भिजून वाळू घट्ट झालेली असेल तर तळ उसळतो. फेस कमी उघडा, बॉलच्या जरा जवळ मारा आणि नेहमीपेक्षा छोटा स्विंग करा, कारण ओल्या वाळूतून बॉल वेगाने निघतो.

बंकरच्या आतही उतार असतात. मागच्या कडेजवळचा उतरता लाय सगळ्यात वाईट. खांदे उताराला समांतर, फेस उघडा आणि क्लब वाळूतच खाली-खाली जाऊ द्यायचा. पुढे भिंत उंच असेल तर आडवं किंवा मागे काढा.

बॉलच्या लगेच पुढे-मागे, प्रॅक्टिस स्विंगमध्ये किंवा बॅकस्विंगमध्ये वाळूला क्लब लावायचा नाही. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजण्याच्या प्रकारात) दोन फटके दंड होतो.

लाय सुधारण्यासाठी किती मोकळीक आहे?

क्लब जमिनीवर हलकेच टेकवता येतो, पण बॉलमागचं गवत दाबता येत नाही. पाय नीट रोवता येतात, पण उतारावर पायाखाली दगड ठेवून किंवा माती रचून पायरी करता येत नाही. सुटी पानं आणि काटक्या काढता येतात. उगवलेलं गवत किंवा झुडपाची फांदी मोडता येत नाही. बॉल आपलाच आहे का हे पाहायला खूण करून उचलता येतो, मात्र ओळखण्यापुरताच पुसायचा.

अनप्लेएबल कधी घ्यावा?

माझी कसोटी साधी आहे. हा फटका तुम्ही सलग दहा वेळा मारलात तर सात वेळा तरी बॉल चांगल्या जागी येईल का? नसेल तर एक फटका दंड घ्या. तीन पर्याय असतात: आधीच्या जागी जाऊन परत मारणं, होल आणि बॉल यांच्या रेषेत हवं तेवढं मागे जाणं, किंवा बॉलपासून दोन क्लबच्या लांबीत, होलच्या जवळ न जाता ड्रॉप. टेकडीवर मागे जाण्याचा पर्याय अनेकदा सपाट जागा मिळवून देतो आणि तो विसरला जातो. बंकरमध्ये रेषेत मागे जायचं किंवा दोन क्लबचा ड्रॉप घ्यायचा तर बॉल बंकरमध्येच टाकावा लागतो. रेषेत मागे जाऊन बंकरबाहेर टाकायचा असेल तर दोन फटके दंड पडतो.

याचा सराव कुठे करायचा? रेंजवर तर सगळं सपाट असतं.

रेंजवरच, पण थोड्या युक्तीने. चार इंचांची मजबूत फळी डाव्या पायाखाली घेतली की चढ झाला, उजव्या पायाखाली घेतली की उतार. फळी हलत नाही ना ते आधी बघा आणि अर्ध्या स्विंगवरच थांबा. बॉल पायांपेक्षा वर असण्यासाठी उंच टी पुरते. मॅटवर मात्र मागे लागलेला फटकाही चांगला वाटतो, म्हणून जमेल तेव्हा गवतावरून मारा.

त्याहून चांगली जागा म्हणजे चिपिंग ग्रीनच्या कडेचे उंचवटे. तिथे एका उताराला वीस मिनिटं द्या, वेजने आखूड फटके मारा. उतारावर खांदे समांतर करण्याची सवय आखूड फटक्यांतच लागते आणि मग ती लांब फटक्यातही राहते.

कोर्सवर कॅडीला (बॅग वाहणाऱ्या साथीदाराला) विचारा. अंतर तर ते सांगतातच, पण "दादा, इथून बॉल कुठे झुकतो?" हा प्रश्न जास्त मोलाचा आहे. त्यांनी त्याच उतारावरून शेकडो जणांचे फटके बघितलेले असतात.

आमच्या क्लबात पावसाळ्यात बॉल हलवून ठेवू देतात. मग हे सगळं कशाला?

तो स्थानिक नियम आहे, समितीने जाहीर केला असेल तेव्हाच लागू होतो, आणि बहुतेकदा फक्त फेअरवेइतकं किंवा त्याहून कमी कापलेल्या गवतावर. किती अंतरात ठेवायचा तेही समितीच ठरवते: कुठे सहा इंच, कुठे एक क्लबची लांबी. बॉल पुसता येतो, चिखल जातो, डिव्हॉटमधून सुटका होते. उतार मात्र तेवढ्यात क्वचितच संपतो. ठेवताना एवढं करा की सहा इंचांत जी जागा निवडाल ती केवळ हिरव्यागार गवतासाठी निवडू नका, पाय कुठे येतील ते बघून निवडा.